ठकूची खूण

सासऱ्यांनी माझं दूध तापवायचं पातेलं उचललं, त्या दिवशी आमच्यात पहिली ठिणगी पडली.

ठकू तेव्हा पंचेचाळीस दिवसांची होती. ठकू म्हणजे माझी मुलगी. खरं नाव कागदावर आहे, ते तिला पुढे शाळेत लागेल. सासरे, म्हणजे नाना, नातीला बघायला म्हणून चार दिवसांसाठी आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवायला गेले तर पातेलं जागेवर नाही. शोधत शोधत बाथरूमच्या दारापर्यंत आले. तिथे नाना बुटक्या स्टुलावर बसलेले. ठकूची पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली, मांड्या त्यांच्या तळहातांवर, आणि खाली माझं पातेलं. नाना ओठांचा चंबू करून बारीक शीळ घालत होते. "अहो नाना, हे काय" म्हणायला मी तोंड उघडलं, तोच पातेल्यात टणटण धार पडली.

"झाली," नाना म्हणाले.

"दुसरं काहीतरी घ्यायचं ना! दुधाचं पातेलं होतं ते."

"होतं. आता तिचं."

नानांनी चौतीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून दुसऱ्या गावात एकटेच राहायचे. आमच्याकडे आले ते चार दिवसांचे चार महिने झाले, आणि ठकू साडेपाच महिन्यांची झाली. तेवढ्यात त्यांनी तिला असं वळण लावलं, की दहातल्या नऊ वेळा लंगोट कोरडा. शू पातेल्यात, शी पातेल्यात. शेजारणी बघायला यायच्या. बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "इतक्या लहानपणी? दीड वर्षापर्यंत घाई करू नका हो." नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाले, "घाई कोण करतंय? ती सांगते, मी ऐकतो. लंगोटात बांधून ठेवायचं, कर इथेच आणि बस त्यातच म्हणायचं, आणि दोन वर्षांनी तेच घाण म्हणून रागवायचं, त्यापेक्षा हे बरं."

यात चुकीचं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. माणूस चुकला तर भांडता येतं.

नवऱ्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. शहरभरच्या लिफ्ट चालू करतो आणि घरात मात्र कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असतो, वर त्याचे वडील आणि खाली मी. त्याने एकदा बदकाच्या आकाराचं प्लास्टिकचं भांडं आणलं, हेतू असा की मला माझं पातेलं परत मिळावं. नानांनी ते बोटांनी वाजवून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "याला आवाज नाही," म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हेका.

खरं दुखणं पातेल्याचं नव्हतंच. दुखणं हे होतं, की ठकूला कधी व्हायचंय ते नानांना कळायचं आणि मला कळायचं नाही. माझ्या पोटची पोर. नऊ महिने पोटात ठेवली मी, जागरणं केली मी, आणि तिची खूण ओळखणार हे! मी धरलं की ठकू पातेल्यावर लोंबकळत इकडेतिकडे बघायची, हसायची, एक थेंब नाही. कंटाळून मांडीवर घेतलं की माझा झगा ओला. नाना कोपऱ्यातून म्हणायचे, "होतं असं." त्या दोन शब्दांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि त्यात ते नाकाचं. आल्या दिवसापासून नाना ठकूला मांडीवर घेऊन घोकत होते, "नाक बघ. सरळ तुझ्या सासूवर गेलंय." अख्ख्या प्रसूतिगृहाने सांगितलं होतं की मुलगी आईवर गेलीय, नाक तर जसंच्या तसं आईचं, म्हणजे बसकं. सासूबाईंचं नाक फोटोत चांगलं धारदार आहे. पण म्हाताऱ्या माणसाशी नाकावरून कोण वाद घालणार? मी आतल्या आत धुमसायचे.

माझी रजा संपायला आठ दिवस उरले तेव्हा मला घरात एका जागी बसवेना.

मी इंजेक्शनच्या कुप्या तपासते. काचेच्या, करंगळीएवढ्या, आत औषध भरून तोंड वितळवून बंद केलेल्या. दोन कुप्या बोटांत धरायच्या, हलकेच गिरकी द्यायची, आधी काळ्या फळीसमोर बघायचं, मग पांढऱ्या. प्रत्येक फळीपुढे पाच सेकंद. केस, धागा, काचेचा कण, काही तरंगताना दिसलं की ती कुपी लाल खोक्यात. तासाभराने दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, तसा नियमच आहे. माझ्या टेबलावरून निसटलेला कण अकरा वर्षांत एकदाही पुढे सापडलेला नाही, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, म्हणजे थोडी फुशारकी आहेच. लांब रजेवरून आलं की आधी डोळ्यांची तपासणी होते. नापास झालं तर खोकी चिकटवायला पाठवतात, आणि एकदा टेबल गेलं की परत मिळत नाही.

सोमवारी सकाळी आठला तपासणी. त्यानंतर रोज दहा तास ठकू नानांच्या हातात. असं ठरलं होतं, सगळ्यांना पसंत होतं, मलाही. फक्त रोज सकाळी उठलं की मी तास मोजत बसायचे. दहा तास. दहा तासांत ती पाच-सहा वेळा सांगणार, आणि ते ऐकणारे नाना. संध्याकाळी मी घरी येणार ती पाहुणी म्हणून. सोमवारच्या आत मला ती खूण कळायलाच हवी होती. कुपीतला केस दिसतो मग स्वतःच्या पोरीच्या चेहऱ्यावरचं दिसत नाही म्हणजे काय!

मी कामाला लागले. वहीत तक्ता आखला. दूध किती वाजता, झोप किती, ओलं किती वाजता. मंगळवारपर्यंत बत्तीस नोंदी झाल्या आणि त्यातून एवढंच निघालं की ठकू वही बघून वागत नाही. मग चेहरा. ट्यूबलाइटखाली चटई टाकली, ठकूला उताणी ठेवलं आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसले. भुवई हलली, उचलली, कोरडी. गाल लाल झाले, उचलली, कोरडी. काहीच नाही म्हणून नाक शिंकरायला वळले, तर चटईवर तळं. बुधवारी मी एकवीस वेळा उचलली. शेवटी शेवटी पातेलं दिसलं की पोर भोकाड पसरायला लागली.

"एवढं बघत नको बसूस तिच्याकडे," नाना म्हणाले.

"मग काय करू? न बघता कळणार आहे?"

"कळतं."

"काय कळतं? सांगा ना सरळ. तोंड कसं करते? डोळे कसे करते?"

नाना जरा अडखळले. "असं सांगता नाही येत. बॉयलरचं पण असंच असायचं. दाबाच्या काट्याकडे बघत बसणारी पोरं कायम उशिरा धावायची. वाफ सुटायच्या आधी पाइप एक क्षण गप्प होतो. ते कळायला लागलं की काटा लागत नाही."

"ठकू बॉयलर नाहीये नाना."

"नाही," ते म्हणाले, "बॉयलर माझ्याकडे बघून कधी हसला नाही."

मला हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. माझी खात्री झाली की हे हातचं राखून आहेत. मुलगी आपल्यावाचून राहू नये, म्हणून खूण सांगत नाहीत. सरळ सरळ राजकारण.

गुरुवारी मी डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता काढला. मैत्रिणीने कामावरून झेरॉक्स आणून दिली होती. त्यावर फण्यांसारखी चिन्हं असतात, तीन दात्यांच्या फण्या, वरच्या ओळीत मोठी आणि खाली येता येता बारीक. दाते कुठे वळलेत ते लांबून सांगायचं असतं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मी ठकूचे कपडे वाळत घालत होते म्हणून नानांना म्हटलं, एवढा हॉलच्या भिंतीला चिकटवा. आत येऊन बघते तर सगळ्यात मोठी फणी खाली आणि बारीक ओळ छताकडे.

"नाना, उलटा लावलात!"

"असं होय," म्हणाले. "म्हटलं बघू तुझं लक्ष आहे का."

मी कागद सुलटा केला, स्वयंपाकघराच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि एक डोळा तळव्याने झाकला. नानांनी कागदाशी उभं राहून चूक की बरोबर, एवढंच सांगायचं. मोठ्या ओळी भराभर झाल्या. शेवटच्या ओळीला डोळ्यात पाणी आलं, सहा महिन्यांची अपुरी झोप आहे ती, तरी मी रेटलं. वर, उजवीकडे, उजवीकडे, खाली, डावीकडे, वर.

"बरोबर," नाना म्हणाले. "सगळी बरोबर."

जिवात जीव आला. उगाच एकदा जवळून बघावं म्हणून गेले. सहापैकी चार चुकीची होती.

आधी वाटलं, माझं मन राखायला म्हणाले असतील. मग त्याचाही संताप आला. अशा मायेने मी सोमवारी खोकी चिकटवायला जाईन! बोलायला तोंड उघडलं. नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते, अजून. कागद मी काढून हातात घेतला होता, आणि ते भिंतीकडे बघून म्हणत होते, "शेवटची ओळ फारच बारीक आहे, नाही?"

मी कागद घडी करून ठेवला. कपडे वाळत घालायला परत गेले. एकच लंगोट तीनदा झटकला.

त्या दिवशी आणि शुक्रवारी मी ठकूकडे बघायचं सोडलं आणि नानांकडे बघत बसले. अकरा वर्षं काचेतले कण शोधणारी मी, चार महिने एका घरात राहून मला जे दिसलं नव्हतं, ते आता जिथे तिथे तरंगायला लागलं. चहा ओतताना त्यांचं बोट कपाच्या आत असायचं. पेपर मलाच वाचायला सांगायचे, "तुझा आवाज चांगला आहे" म्हणून, आणि मी खूश! घरातसुद्धा तो तपकिरी चष्मा, का, तर भट्टीने डोळ्यांना उजेड सोसत नाही. फोन आला की "कोण?" हे आधी. "घरात वस्तूंना जागा पाहिजे" हे त्यांचं पालुपद, खुर्ची जरा सरकली की कुरकुर. आणि दारापासून स्टुलापर्यंत पाच पावलं, स्टुलापासून पातेल्यापर्यंत एक हात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. प्रत्येक कुपीला दहा सेकंद देणारी मी, नानांच्या तोंडाकडे कधी सलग दहा सेकंद बघितलं नव्हतं.

पण खात्री नव्हती. आणि खात्री झाल्याशिवाय मला कुपी लाल खोक्यात टाकता येत नाही, तो स्वभावच झालाय. सोमवार परवावर आला होता. शनिवारी सकाळी मी जे केलं, ते मला आजही सांगायला जड जातं. मी बाथरूमपाशी गेले आणि पातेलं एक वीत उजवीकडे सरकवलं.

मग दाराशी उभी राहिले.

नाना ठकूला घेऊन आले. पाच पावलं. स्टुलावर बसले, तिला धरली, शीळ घातली. ठकूने नेहमीसारखी मान मागे टाकली. धार सुटली, आणि टणटण आवाज आला नाही. फरशीवर नुसतं सळसळ पाणी पसरत गेलं, त्यांच्या पावलांपर्यंत.

नानांची शीळ थांबली. चेहरा एकदम असा झाला, की मी तो बघायला नको होता. त्यांनी ठकूला छातीशी घट्ट धरलं, एक पाय पुढे करून चाचपलं, पातेल्याला अंगठा लागला.

"पातेलं हललं का?" त्यांनी विचारलं.

घरात दुसरं कोणी नाही असं समजून हळूच, स्वतःलाच विचारल्यासारखं.

"मी हलवलं," मी म्हटलं.

 ठकू नानांच्या चष्म्याची काडी चोखत होती. मग मला जो राग आला तो काही वेगळाच होता, त्यात निम्मी लाज होती, म्हणून तो जास्त मोठ्याने बाहेर पडला.

"चार महिने! चार महिने तुम्ही तिला घेऊन फिरताय! उंबऱ्याला अडखळला असतात तर? परवापासून दहा तास एकटे राहणार होतात तिच्याजवळ! गॅस आहे, गरम पाणी आहे. तिने जमिनीवरचं काही तोंडात घातलं असतं तर दिसलं असतं तुम्हाला?"

नवरा आरडाओरडा ऐकून दात घासत बाहेर आला. तोंडात ब्रश तसाच. "काय झालं?"

"तुझ्या वडिलांना दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही!"

त्याने ब्रश काढला. वडिलांच्या समोर जाऊन उभा राहिला, हळूच त्यांचा चष्मा काढला. दोन्ही बुबुळं दुधाळ झाली होती. "नाना," तो म्हणाला, "मला वाटलं चष्मा तुम्ही ऐटीत घालताय."

"मोतीबिंदू आहे," नाना म्हणाले. "वर्ष होईल. उजेड कळतो. माणूस उभा आहे हे कळतं. घाबरण्यासारखं नाही, डॉक्टर म्हणाले की ऑपरेशन सोपं आहे."

"मग केलं का नाही?"

नानांनी ठकूचे ओले पाय आपल्या सदऱ्याने पुसले. "करणारच होतो. तारीख पण घेतली होती. तेवढ्यात ही झाली. म्हटलं आधी चार दिवस बघून येऊ." इथे ते थांबले, स्वतःच्याच शब्दाला हसल्यासारखे. "इथे आलो, हिला घेतली, आणि तिसऱ्या दिवशी हिने मला सांगितलं. मला सांगितलं, कळतंय का? घरी भिंतीशी बोलत होतो रे मी. ऑपरेशन झालं की वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. एक डोळा झाला की मग दुसरा. म्हणजे दोन महिने हिला हात लावायचा नाही. तान्ही पोरं आठ दिवसांत विसरतात. ती विसरली, की मग मी इथे कशाला? आंधळ्या म्हाताऱ्याचा काय उपयोग? तुम्हीच म्हणाला असतात, नाना, आता जा घरी."

"कोण म्हणालं असतं?" नवरा म्हणाला.

 म्हणाले असते मी. आठ दिवसांपूर्वी नक्की म्हणाले असते, आणि त्या दिवशी रात्री निवांत झोपलेही असते.

"आणि ते नाक?" मी विचारलं. 

"बोट फिरवून बघितलं," नाना म्हणाले. "मला तसंच लागलं."

मग मी फडकं आणून फरशी पुसली, त्यांचे पायही पुसले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

त्या दुपारी नवरा पहिल्यांदा एका मजल्यावर येऊन थांबला. कामावर फोन लावला, महिन्याची रजा मागितली. पलीकडून काहीतरी आवाज चढला. "लिफ्ट बंद पडली तर लोक जिने चढतील," हा म्हणाला, "तब्येतीला चांगलं असतं." मग डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन. बुधवार मिळाला. ठरलं असं, की नवरा उचलणार, धरणार, धुणार. नाना नुसते जवळ बसून सांगणार, "आता." नानांनी यावर नुसती मान हलवली, मला वाटलं त्यांना पसंत नाही. मग म्हणाले, "त्याला शीळ येत नाही."

"शिकेल," मी म्हटलं. "लहान आहे अजून."

रविवारी सकाळी नानांनी मला हाक मारली. खाली बसायला लावलं, पाठ भिंतीला. ठकूला माझ्या मांडीवर उताणी दिली, तिचे दोन्ही तळपाय माझ्या तळहातावर टेकवले.

"आता डोळे मिट."

"नाना..."

"मिट म्हणतोय ना."

मिटले. कामावर तासाभराने मिटते तेव्हा डोळ्यांपुढे कुप्याच येतात. इथेही सुरुवातीला तक्ता आला, वही आली, सोमवार आला. ठकूचे पाय माझ्या हातावर सायकल चालवत होते. टाचा, बोटं, टाचा. तिला दूध पाजून वीस मिनिटं झाली असतील, नाही, पंचवीस. "मोजू नकोस," नाना म्हणाले. त्यांना ते कसं कळलं, देव जाणे. मी मोजायचं सोडलं. सायकल चालूच. बाहेर कोणीतरी गाडी धुत होतं. एवढी अस्वस्थ होते मी त्या आठवड्यात, की नुसतं बसणं हीसुद्धा मेहनत वाटत होती. मांडीला रग लागली. आणि मग पाय थांबले.

एकदम. बोटं जराशी आत वळली आणि दोन्ही तळपाय माझ्या हातावर जड होऊन राहिले. पाइप गप्प झाला.

"नाना," मी म्हटलं.

"मग उचल की! मला काय सांगतेस?"

पातेल्यात टणटण आवाज झाला. मी डोळे उघडलेच नव्हते. नवरा टाळ्या वाजवत होता, नाना म्हणत होते, "झाली," आणि मी रडत होते. आनंदाने म्हणा, नाहीतर मेलं इतकं सोपं होतं म्हणून. तोंडात, डोळ्यांत, वहीत शोधत फिरले, आणि ते इतके दिवस माझ्याच हातावर लाथा मारत होतं.

"सांगितलं का नाहीत मला? पाय म्हणायचं होतं, एक शब्द!"

"मला तरी कुठे माहीत होतं पाय म्हणून?" नाना म्हणाले. "तू काल ओरडलीस, तेव्हापासून विचार करतोय की मला कळतं ते कशाने. रात्रभर तोच विचार. सकाळी हात ठेवून बघितलं."

सोमवारी मी तपासणीला गेले. परिचारिका म्हणाली, शेवटची ओळ वाचा. डोळ्यात पाणी नव्हतं. सहापैकी सहा. टेबल माझंच राहिलं. दहा वाजता डोळे मिटायची वेळ झाली तेव्हा घरी फोन लावला. नवरा म्हणाला, नानांनी दोनदा "आता" सांगितलं, दोन्ही वेळा तो उचलेपर्यंत उशीर झाला, आणि शीळ घालायला गेला तर ठकूला हसूच आवरेना. तरी चौथ्या दिवसापर्यंत बापलेकांचं जमायला लागलं. मला त्याचा हेवा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. पण सकाळी उठून तास मोजणं थांबलं होतं.

बुधवारी नानांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून त्यांना घरी आणलं, तेव्हा मी नुकतीच कामावरून आले होते. नाना खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते, काळा चष्मा हातात. घरातल्या वस्तूंकडे बघत होते. खुर्च्यांचा रंग त्यांना आवडलेला दिसला नाही.

"उचलायची नाही हं," नवरा म्हणाला. "नुसती मांडीवर."

मी ठकूला त्यांच्या मांडीवर ठेवलं, उताणी, डोकं त्यांच्या गुडघ्यांकडे, आणि मी समोर गुडघ्यांवर बसून तिच्या मानेखाली एक हात दिला. दुसरा हात सवयीने तिच्या तळपायांखाली. नानांनी मान खाली करून बघितलं. मी सांगत होते, वाकू नका. ते ऐकत नव्हते. चार महिने बोटांनी बघितलेली पोर ते आता डोळ्यांनी बघत होते. कपाळ. कान. हनुवटीवरचा लहानसा खळगा, तो त्यांना ठाऊकच नव्हता. मग नाक. नाकापाशी बराच वेळ थांबले. एकदा माझ्याकडे बघितलं, माझ्या नाकाकडे, परत तिच्याकडे.

"तुझ्या सासूवर नाही गेलेली," ते म्हणाले.

"थोडी असेल नाना," मी म्हटलं.

"नाही गं. अगदी तूच आहेस." आणि बोटाने तिच्या नाकाचा शेंडा हलकेच दाबून म्हणाले, "असू दे. चांगलं आहे."

ठकू त्यांच्याकडे टक लावून बघत होती. बिनचष्म्याचे नाना तिच्या सवयीचे नव्हते. ओठ काढायच्या बेतात होती. नानांनी हलकेच शीळ घातली, तीच, आणि तिने ओळखलं. सगळं तोंड उघडून हसली. नाना बघतच राहिले. त्यांनी मला सांगितलं होतं, एवढं बघत नको बसूस तिच्याकडे, आणि स्वतः पापणीही न हलवता बघत होते.

माझ्या तळहातावर ठकूचे पाय थांबले. बोटं आत वळली.

धार सुटायला अजून पाच श्वासांचा वेळ होता. पातेलं हाताशी होतं. "नाना, आता," एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हटलं नाही. नानांचं नवं कोरं धोतर भिजलं, खुर्ची भिजली, धार टपटप खाली आली, तरी ते तिच्या तोंडावरून नजर काढेनात.

"अरेच्चा," थोड्या वेळाने म्हणाले. "कळलंच नाही मला. बघत बसलो."

"होतं असं," मी म्हटलं, आणि फडकं आणायला उठले.